रविवारची चार-दहाची बस

ताई, गेल्या तीन आठवड्यांत मी फुजैराला सहा वेळा येऊन गेलो. तू होतीस तेव्हा वर्षाकाठी सहा वेळा तरी आलो असेन की नाही, शंकाच आहे. दर वेळी काहीतरी निमित्त शोधतो. भावोजींच्या सह्या हव्यात, तुझ्या इराला कसलासा दाखला पोचवायचाय, आमच्या घरातलं विरजण संपलंय. येतो, चहा घेतो, तुझ्या खुर्चीकडे पाठ होईल असा बसतो आणि तासाभरात परत गाडीत. परवा भावोजींनी विचारलंच, "नंदू, काही बोलायचंय का? दुबईहून सव्वाशे किलोमीटर कोणी चहा प्यायला येत नाही." म्हटलं, काही नाही, सहज आलो. तू असतीस तर तिथेच पकडलं असतंस. तुझ्या लेखी 'सहज' नावाची गोष्टच नव्हती. कोण येतंय, किती वाजता पोचतंय आणि कशाला येतंय, हे कळल्याशिवाय तू चहाचं आधण ठेवायची नाहीस.

बोलायचं आहे. खरं तर तुझ्याशीच बोलायचं होतं. आठ वर्षांपूर्वी जपानमध्ये आपली बस चुकली, आणि ती तुझ्या चुकीमुळे चुकली असं सगळ्यांनी धरलं, तूही धरलंस. चूक तुझीच होती. पण ती मला सकाळीच दिसली होती. सव्वानऊ वाजता, आगगाडीत, तुझ्यापासून चार हातांवर. आणि मी गप्प बसलो. विसरलो नाही, दुर्लक्ष झालं नाही, मुद्दाम गप्प बसलो. हे तुला सांगायचं राहून गेलं. आता ते भावोजींना आणि इराला सांगावं की तुझ्याबरोबर जाऊ द्यावं, हे ठरत नाही म्हणून सहा फेऱ्या झाल्या. आणि म्हणूनच हे लिहायला बसलोय. हा तिसरा प्रयत्न. पहिले दोन फाडले, त्यांत मी फार चांगला माणूस दिसत होतो.

क्रमाने सांगायला तू शिकवलंस, तर प्रयत्न करतो.

फुजैराच्या समुद्रात इंधन भरायला थांबलेल्या बोटींची तू बाळंतपणं करतेस, असं मी चिडवायचो. कुठली बोट कधी येणार, तिला पाणी, भाजीपाला, डॉक्टर, बदलीचे खलाशी घेऊन लहान लाँच किती वाजता सुटणार, सगळं तुझ्या टेबलावरून हलायचं. त्या शिपिंग एजंटच्या ऑफिसात मालक बदलले, तू तिथेच. म्हणून दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली आणि जेवताना म्हणाली की मरायच्या आधी तो जपानचा मोठा बुद्ध बघायचाय, तेव्हा आम्ही बाकीचे हसलो आणि तू कागद घेतलास. अण्णांच्या बँकेच्या कॅलेंडरवर होता तो बुद्ध. वर्ष संपल्यावर आईने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. साड्या काढताना रोज दिसायचा तिला. मला हे माहीतही नव्हतं. तुला होतं.

टूर कंपनीबरोबर जाऊ असं मी म्हटलं तर तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी बोट ओढत न्यायला सांगितली. आगगाडीने जायचं, गावातल्या बसने हिंडायचं, आपलं आपण. मग तुझे ते तक्ते सुरू झाले. कुठल्या स्टेशनवर किती नंबरच्या फलाटावरून किती नंबरच्या फलाटावर जायचं, लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, संडास फलाटावर आहे की बाहेर. गाडी बदलायला अकरा मिनिटं पुरतात असं जिथे लिहिलेलं होतं तिथे तुझा विश्वास बसेना. आईला मॉलमध्ये नेऊन तू घड्याळ लावलंस.

"आई, आता इथून त्या चपलांच्या दुकानापर्यंत चाल. नॉर्मल चाल हं, मी टायमिंग घेतेय."

"अगं पण मला चपला नकोयत."

"चपला घेऊ नकोस. फक्त चाल. यल्ला."

आई चालली, मधे एका साडीपाशी थांबली, तू तेही मिनिट धरलंस. अकराची एकोणीस केलीस. व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, लोक तिथे 'स्थलदर्शन' लिहून मोकळे होतात. तू गाड्यांच्या वेळा, बदल्या आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्यास. खिडकीवरची बाई म्हणाली म्हणे, "मॅडम, इतना नहीं चाहिए." तू म्हणालीस, "आपको नहीं चाहिए, मुझे चाहिए."

आपलं भांडण एका गोष्टीवर व्हायचं, पास घ्यायचा की सुटी तिकिटं. मी म्हणायचो, माणशी हजार दिरहम, म्हणजे बारा हजार रुपये, एवढा प्रवासच नाही आपला. तू म्हणायचीस, "नंदू, पास असला की एखादी गाडी चुकली तरी पुढची मिळते. चुकायची सोय आहे त्यात." मी म्हटलं, तू कधी चुकतेस? तर म्हणे, "मी नाही. तुम्ही चुकता." तो वाद अजून सुटलेला नाही. मला अजूनही वाटतं, सुटी तिकिटं स्वस्त पडली असती.

आणखी एक तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तू म्हणालीस, "शुक्रवारी क्योटो नको, शुक्रवारी गर्दी असते," आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आखातात इतकी वर्षं शुक्रवारची सुट्टी अंगवळणी पडलेली माणसं आपण. रविवारी सकाळी सातला ऑफिस. जगाचा शुक्रवार आपल्यासारखा नसतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग पुढचं वर्ष उजाडलं आणि माझी नोकरी गेली. टॉवरची ड्रॉइंगं करणारं ऑफिस आमचं, आणि टॉवर अर्ध्यावर थांबले होते. एका सकाळी आत बोलावलं, दहा मिनिटांत खलास. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस. आमच्यातले दोघं एका गुरुवारी जेवायला म्हणून बाहेर पडले ते बँकेची कर्जं तशीच टाकून थेट विमानतळावर गेले. गाडी तिथल्या पार्किंगमध्ये, किल्ली आतच. मीही तेच ठरवलं होतं, ताई. शलाकालासुद्धा सांगितलं नव्हतं. बॅग भरायची, ती माहेरी जातेय असं दाखवायचं आणि सुटायचं. फोनवर तुला फक्त एवढंच म्हटलं होतं की जपान आता पुढच्या वर्षी बघू. माझ्या आवाजात काय ऐकलंस कोण जाणे, शुक्रवारी सकाळी मसाफीचा घाट ओलांडून तू दारात.

हातात तक्ता. तीस ओळी. तारीख, काम, कोणी करायचं, राखीव वेळ. बोट बंदर सोडताना असतो तसा. दिवस सहावा, घरमालक. दिवस अकरावा, गाडी विकणे. दिवस एकोणिसावा, बँकेचं पत्र हातात घेणे, तोंडी चालणार नाही. आणि सगळ्यांत खाली, तिसाव्या दिवसासमोर तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'सकाळी दहा ते साडेदहा, नंदूची रडारड.'

शलाका हसली. माझं लग्न झाल्यापासून तिला तुझ्या बाजूने हसायची सवयच आहे. मी म्हटलं, "मी काय बोट आहे का तुझी?"

"बोट असतास तर बरं झालं असतं. कॅप्टन ऐकतो तरी."

चार शुक्रवार तू आलीस आणि एकेक ओळ खोडून गेलीस. मधे रजा टाकून मला ऑफिसांच्या रांगेत उभं केलंस, माझ्या वतीने भांडलीस, मी बोलायला तोंड उघडलं की हाताने थांबवलंस. चाळिशीला टेकलेला माणूस मी, आणि काउंटरवरचा पोरगा तुझ्याकडे बघून बोलायचा. तिसाव्या दिवशी सकाळी तू सगळ्यांना सामान उतरवायला खाली पाठवलंस, रिकाम्या घराचं दार लावलंस आणि घड्याळ बघितलंस. मी रडलो. आणि साडेदहाला थांबलोसुद्धा. तेच मला सहन झालं नाही.

आज सांगतो, त्या तीस ओळी नसत्या तर मी दोन वर्षांनी इथे परत येऊ शकलो नसतो. जे पळाले ते पळालेच. मला सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी मिळाली, घर मिळालं, माझं सगळं पुढचं आयुष्य त्या कागदावर उभं आहे. सगळे म्हणायचे, ताईमुळे. मी एकदाही म्हटलं नाही. तू त्या वर्षी जपानला गेली नाहीस, रजा मंजूर असून. आईने विचारलं तर म्हणालीस, नंदू नाही तर नाही. तेही मला शलाकाकडून कळलं आणि त्याचाही मला रागच आला. उपकार फार झाले की माणूस असा होतो. निदान मी झालो.

शेवटी दोन हजार चौदाच्या वसंतात आपण गेलो. तू, भावोजी, इरा, आई, शलाका आणि मी. पहिले पाच दिवस तुझा तक्ता असा चालला की मला लाज वाटावी. जिथे तू लिफ्ट लिहिली होतीस तिथे लिफ्ट होती. आई एकोणीस मिनिटांऐवजी सतरा मिनिटांत पोचायची आणि दोन मिनिटं उरली म्हणून खूश व्हायची. भावोजी दर स्टेशनवर टोपी काढून म्हणायचे, "मान लिया, मॅडम."

सहावा दिवस रविवार. नागोयाहून गाडीने डोंगरात जायचं, तिथून दहा मिनिटं बसने त्या लाकडी घरांच्या गावात. त्याचं नाव लिहीत नाही, मला अजून धड म्हणता येत नाही आणि तू नेहमी सुधारायचीस. संध्याकाळी चार-दहाच्या बसने खाली, गाडी पकडून क्योटो, आणि सोमवारी सकाळी नारा. बुद्ध.

सव्वानऊला इराने बसच्या वेळांचा कागद माझ्या मांडीवर टाकला आणि ती फोटो काढायला दाराशी गेली. चौदा वर्षांची होती. कागदावर दोन रकाने होते, एकाचं डोकं काळं, एकाचं लाल. तूच शेजारी मराठीत लिहिलं होतंस, काळा कामाचा, लाल सुट्टीचा. आणि हिरव्या पेनाने गोल केला होतास काळ्या रकान्यातल्या चार-दहाला. वर तुझ्याच अक्षरात तारीख आणि त्यापुढे 'रविवार'. लाल रकान्यातली शेवटची बस दोन-पस्तीसची होती. चार-दहाची बहुधा शाळेच्या मुलांसाठी असावी. हे सगळं मला एका दमात कळलं. मान वर केली तर तू आईच्या हातावर दशमी ठेवत होतीस आणि सांगत होतीस, "आई, बारा मिनिटांत उतरायचंय, आत्ता खाऊन घे."

मनात एवढंच आलं, होऊ दे. एकदा होऊ दे हिचं. तासभर ताटकळू, तिचं तोंड उतरेल, मग मीच मोठ्या मनाने म्हणेन की अगं, होतं असं. आणि आम्ही दोघं सारखे होऊ. मी कागदाची घडी घातली आणि इराच्या बॅगेत ठेवली. आईचा विचार आला नाही. खरं सांगतो, अजिबात आला नाही.

अडीचला आपण त्या गावातल्या पुलावर होतो. खाली थांब्यावर बस उभी होती. इराने विचारलं, "मम्मा, इज दॅट अवर बस?"

"नाही गं. आपली चार-दहाची. आता निवांत."

मी पाण्याकडे बघत होतो. पाच मिनिटं होती अजून. आई कठड्याला टेकून उभी होती आणि पाण्यातले मासे मोजत होती. बस सुरू झाली, वळली, गेली.

चारला थांब्यावर आलो तेव्हा दुकानं बंद होत होती आणि वारं सुटलं होतं. चार-दहा झाले. चार-वीस. भावोजींनी चष्मा पुसला आणि पाटी वाचली, सावकाश, बोट लावून. मग म्हणाले, "ज्योती, आज संडे आहे."

"हो मग? संडेला वर्किंग..." एवढं बोललीस आणि थांबलीस.

तेवढ्यात आई हसली. तिला वाटलं, वातावरण हलकं करावं. म्हणाली, "अगं, ह्यांचं अस्संच सुरू झालं होतं. रविवारी बँकेची पिशवी घेऊन दारात उभे. मी म्हणायची, अहो, आज कुठे निघालात."

तू हसली नाहीस. अण्णांची ती शेवटची वर्षं माझ्यापेक्षा तू जास्त पाहिलीस. रजा काढकाढून पुण्याला जायचीस, त्यांना रोज नव्याने सांगायचीस की तू कोण. मी तुझा चेहरा बघितला, ताई. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की अगं वेडे, तुला वार माहीत होता, वर लिहिलाच होतास, फक्त आपल्याकडचा रविवार तिथे गेला. मी सकाळीच पाहिलंय. दोन वाक्यं. मी पाटीवरची अक्षरं बघत राहिलो, जी मला वाचायची गरजच नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे. तो पांढऱ्या छोट्या ट्रकचा म्हातारा, एकच सीट रिकामी, आईला घेऊन गेला. आई वाटभर त्याच्याशी मराठीत बोलली आणि उतरताना लसणाच्या चटणीची पुडी देऊन आली. आपण तासभर उतार चालून स्टेशनवर पोचलो तर ती बाकावर कुडकुडत बसलेली, तुझी शाल डोक्यावरून. क्योटोला पोचेपर्यंत अंगात कणकण होती, सोमवारी सकाळी ताप. सोमवार गेला. मंगळवारी तू म्हणालीस, "पास वाया जाईल. तुम्ही जाऊन या. चूक माझी, मी थांबते आईजवळ."

मी गेलो. तुमच्या दोघींच्या वाटचा बुद्ध बघून आलो. फार मोठा होता. शलाकाने फोटो काढले, मला त्याच्यासमोर उभं राहायला सांगितलं, मी नाही म्हटलं तर तिला वाटलं थकलो असेन. संध्याकाळी आईने फोटो बघितले, चष्मा लावून, एकेक. म्हणाली, "कॅलेंडरवर ह्याच्यापेक्षा जवळ वाटायचा." दोन वर्षांनी आई गेली.

परत आल्यावर तू तुझी फाईल माझ्या हातात दिलीस. "आता तू बघत जा." बस्स, एवढंच. मी बघायला लागलो. केरळ मी ठरवलं, सलाला मी ठरवलं, इराच्या कॉलेजच्या वेळची दिल्ली मी ठरवली. तू मागच्या सीटवर बसायचीस आणि विचारायचीस, "नंदू, किती वाजता निघायचं?" पहिलं वर्षभर मला ते आवडलं, कबूल करतो. घरातला मोठा माणूस झाल्यासारखं वाटायचं. मग आवडेनासं झालं. सलालाला मी हॉटेल चुकीच्या तारखेचं घेतलं होतं, चार तास लॉबीत बसलो आपण, तू एक शब्द बोलली नाहीस. उलट मला पाणी आणून दिलंस. त्या लॉबीत सांगणार होतो. मसाफीच्या चहाच्या टपरीवर सांगणार होतो. साथीच्या वर्षी सगळे घरात अडकलो तेव्हा फोनवर सगळं टाइप करून खोडलं. मला वाटायचं, सांगितलं तर काय होईल? तू दोन शिव्या हासडशील, महिनाभर बोलणार नाहीस, मग एका शुक्रवारी फोन करशील. एवढंच तर होणार. म्हणून घाई वाटली नाही.

या जानेवारीपासून इथेही रविवारची सुट्टी झाली. पहिल्याच रविवारी तुझा फोन आला. "नंदू, आता तरी माझा रविवार सुधारेल." तू हसत होतीस, मीही हसलो. सहा आठवड्यांनी तू गेलीस. काही सूचना न देता. तू. जिने दुधाच्या पिशवीलासुद्धा वेळ दिली होती.

इथवर लिहून उठलो. शलाकाने विचारलं कुठे, म्हटलं विरजण. ती म्हणाली, "भरपूर आहे. जा. आणि या वेळी बोलून ये." तिला काय माहीत आहे आणि काय नाही, मला कळत नाही. सातव्यांदा फुजैरा. दुपारचे तीन, समुद्रात नेहमीसारख्या बोटी उभ्या. कोणीतरी दुसरं त्यांचं बघतंय आता.

भावोजी जेवणाच्या टेबलाशी होते. इरा लॅपटॉप घेऊन समोर, अजून रजेवरच आहे ती. इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधलं तिचं ऑफिस तिला घरून काम करू देतंय. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, कागद, हिरवा गोल, पूल, सगळं. भावोजींनी चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही."

त्यांनी टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "दर सहा महिन्यांनी ती दातांच्या डॉक्टरकडे म्हणून दुबईला जायची, माहितीये तुला? दात ठणठणीत होते तिचे. मला कधी डाउटसुद्धा आला नाही. गेल्या आठवड्यात कपाटात रिपोर्ट मिळाले. मेमरीचे. पहिला जपानहून आल्यावर महिन्याभरातला. सगळे नॉर्मल, नंदू. एक ना एक. तरी जायची. अण्णांचं आपल्याला सुरू झालंय, असं तिने ठरवूनच टाकलं होतं."

इराने लॅपटॉप मिटला. "शी मेड मी चेक हर मेल्स, मामा. ऑफिस मेल्स. सिन्स स्कूल. बघ गं, वार बरोबर आहे ना, डेट बरोबर आहे ना. अँड एव्हरी मॉर्निंग, फर्स्ट थिंग, आज वार कोणता? आय थॉट शी वॉज टेस्टिंग माय मराठी."

मी खुर्ची ओढली. कुठल्या खुर्चीत बसलो तेही बघितलं नाही.

"व्हॉट टाइम डिड यू सी इट?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. अगदी तुझ्यासारखा, नोंद घेतल्यासारखा.

"सव्वानऊ."

"अँड द बस वॉज फोर-टेन."

"लाल रकान्यातली दोन-पस्तीसची होती."

"बट वी स्टुड देअर टिल फोर-ट्वेंटी. दॅट्स सेव्हन अवर्स, मामा. यू हॅड सेव्हन अवर्स."

भावोजींनी उठून गॅस लावला, मग बंद केला. इरा आत गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं. तासभर बसलो, ती बाहेर आली नाही. निघताना भावोजी लिफ्टपर्यंत आले. नेहमी म्हणतात तसं 'पोचल्यावर फोन कर' म्हणाले नाहीत.

मसाफीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि तुला हे शेवटचं लिहितोय. पोरगी तुझ्यावर गेलीय, वेळ अचूक धरते. पण या वेळी तिने कमी धरली. सात तास नव्हते माझ्याकडे, ताई. आठ वर्षं होती. आणि त्यातल्या रोज सकाळी तू उठून तिला वार विचारत होतीस.